आजारपणाची पेटी

आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तिन्ही भावंडं तिच्या खोलीत जमली ती वाटणीसाठी. वाटणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जमीनजुमला येतो. इथे होतं ते कपाटाच्या एका फळीवर मावेल एवढंच. मारियेचा हातभर उंचीचा पुतळा, आईची हाडाच्या मण्यांची जपमाळ, पवित्र हृदयाची तसबीर, पानापानांत कुणा ना कुणाच्या स्मरणाची चित्रं खोचल्यामुळे फुगलेलं प्रार्थनेचं पुस्तक आणि एक जाडजूड लाकडी क्रूस.

थोरल्या दादाने पुतळा मागितला. छापखाना चालवणारा हा माणूस एरवी कधी काही मागायचा नाही, पण पुतळ्यापुढची फुलं बदलायचं काम लहानपणी त्याचं होतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. ताईला जपमाळ हवी होती. ताई टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची आणि त्या माळेवर आपला डोळा आहे हे तिने कधी लपवलंही नव्हतं. तसबीर दादाच्या मुलीकडे जायची ठरली, पुस्तक धाकटीकडे. सगळं बिनबोभाट पार पडलं. मग सगळ्यांच्या नजरा क्रुसाकडे वळल्या आणि तितक्याच चटकन दुसरीकडे गेल्या.

तो नुसता क्रूस नव्हता. येशूची मूर्ती असलेली समोरची फळी वर सरकवली की आत पोकळ पेटी होती. त्यात दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची चपटी बाटली, कापूस आणि घडी घातलेलं पांढरं कापड. काढलेली फळी पेटीच्या खाचेत उभी रोवायची, दोन बाजूंना मेणबत्त्या लावायच्या, की आजाऱ्याच्या उशाशी छोटी वेदी तयार. फादर आजाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल लावायला येण्याआधी हे मांडून ठेवायचं. आजोबांनी आणलेली ही पेटी साऱ्या घराण्यात एकच होती, म्हणून जिथे कुणी अंथरूण धरलं असेल तिथे ती जायची. सगळे तिला आजारपणाची पेटी म्हणत.

“आमच्या घरात ती नको,” दादाबरोबर आलेली वहिनी म्हणाली. “ती पेटी येते ती माणूस घेऊनच जाते. सासरे गेले तेव्हा हीच. काकू गेल्या तेव्हा हीच. आता आई.”

ताईने आपल्या तीन खोल्यांच्या घरात वीतभर जागा नसल्याचं सांगितलं. दादा म्हणाला, चर्चमध्ये देऊन टाका, आणि हे तो इतक्या तुटकपणे म्हणाला की धाकटीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

या धाकटीला घरात सगळे खिळा म्हणत. एकदा ठोकला की पकडीलाही दाद देत नाही, असं म्हणून वडिलांनीच तिला हे नाव दिलं होतं. ती सहा वर्षांची असताना वडील गेले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता तिची पन्नाशी झाली होती. लग्न केलं नाही. जुन्या लाकूडसामानाला पॉलिश करायचं तिचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच ती राहायची.

“मला द्या,” ती म्हणाली. “पुस्तक ताईच्या मुलाला जाऊ दे. मला ही पुरे.”

वहिनीने सुटकेचा श्वास टाकला तो खोलीभर ऐकू गेला.

दुकानात आणून बघते तर पेटीची दशा वाईट होती. लाकूड ओल धरून फुगलं होतं, फळी खोबणीत अडकली होती, पूर्वी कुणीतरी वर स्वस्तातलं व्हार्निश फासलं होतं. तिने आठवडाभर गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढला. स्पिरिटच्या बोळ्याने व्हार्निश उतरवलं, खोबणीत मेण घासलं आणि हलक्या हाताने ठोकत फळी वर सरकवली. फळीची आतली बाजू मळकट दिसत होती. तिने पॉलिश पेपर हातात घेतला, आणि एक फटका मारणार तोच तिचा हात थबकला. तो मळ नव्हता. शिसपेन्सिलीची अक्षरं होती, आईची, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक.

तिने फळी खिडकीपाशी नेली. एकूण एकोणीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत कोण, काय दुखणं, किती दिवस आणि शेवटी काय झालं. ‘थोरला. कावीळ. दहा दिवस. बरा.’ ‘मोठी मुलगी. गोवर. बरी.’ ‘धाकटी. विषमज्वर. एकवीस दिवस. बरी.’ या ओळीवर ती बराच वेळ बोट ठेवून बसली. त्या तापाचं तिला काहीच आठवत नव्हतं, आठवत होता तो फक्त मेण वितळल्याचा वास. तिने सगळ्या ओळी मोजल्या. सहा जण गेले होते. तेरा जण बरे झाले होते. म्हणजे पेटी माणूस घेऊन जाते ही सगळी वावडी होती. जाणाऱ्यांची आठवण राहते, बरा झालेला माणूस उठून कामाला लागतो आणि पेटीला विसरतो.

एक ओळ मात्र इतरांपेक्षा वेगळी होती. वडिलांची. ‘हे. छातीचं दुखणं. पेटी उशिरा पोहोचली. पोराला कुणी काही बोलायचं नाही.’ कुठलं पोर, ते तिला कळेना. तेव्हा पेटी बहुधा काकांकडे असायची, तिकडे कामाला असलेलं कुणी पोर असेल, असं तिने धरून चाललं.

त्याच संध्याकाळी तिने दोघांना फोन केले. ताईला आपल्या गोवराचं भारी अप्रूप वाटलं, तिने ती ओळ दोनदा वाचून घेतली. दादाने मात्र अर्ध्यावरच तोडलं. जुन्या गोष्टी उकरून काय मिळायचंय, म्हणाला, आणि मशीन चालू असल्याचं सांगून फोन ठेवला. पाठीमागे मशीनचा आवाज काही येत नव्हता.

चार महिन्यांनी कागदाचे गठ्ठे उचलताना दादाच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्या होत्या, छाती उघडावी लागणार होती. मंगळवारची तारीख मिळाली, सोमवारी संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. ताईचा फोन आला तेव्हा खिळा एका मेजाच्या पायाला लाख चढवत होती. तिने हातातलं काम पुरं केलं, कारण लाख अर्धवट सोडली की डाग पडतो, आणि मग दवाखान्यात फोन लावून विचारलं, फादर तेल लावायला आले तर मेणबत्ती पेटवता येईल का. तिथल्या सिस्टरने सांगितलं, इथे ऑक्सिजन असतो, काडीसुद्धा ओढायची नाही. म्हणजे जे काही करायचं ते सोमवार संध्याकाळच्या आत, दादाच्या घरीच करायला हवं होतं.

रविवारी ती पेटी पिशवीत घालून दादाच्या दाराशी उभी राहिली. वहिनीने दार उघडलं आणि पिशवीचा आकार पाहूनच ओळखलं.

“तू ये,” वहिनी म्हणाली. “ते बाहेर राहू दे.”

“वहिनी, तेल आजाऱ्यासाठी असतं. मरणाऱ्यासाठीच असतं असं नाही.”

“मला शिकवू नकोस. ते आधीच घाबरलेत. रात्र रात्र छताकडे बघत पडतात. त्यात उशाशी ही मांडली तर उद्याच त्यांचं काही व्हायचं.”

वहिनीचे डोळे सुजले होते. हिच्याशी वाद घालून जिंकणं म्हणजे पडलेल्याला लाथ मारणं, हे खिळाला कळलं. तिने पिशवी जिन्यातल्या कोनाड्यात ठेवली, आत जाऊन तासभर बसली, भाजी निवडून दिली, दादाशी इकडचं तिकडचं बोलली. निघताना एवढंच म्हणाली, मी उद्या परत येते. वहिनी म्हणाली, उद्याही माझं तेच उत्तर असेल. खिळा म्हणाली, असू दे, मी तरी येणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, वहिनी दवाखान्यात कागदपत्रं द्यायला गेली आहे आणि तिची पाठ फिरताच दादा छापखान्याकडे गेला. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. खिळाने स्कूटर तशीच वळवली.

छापखान्यात मशीन बंद होतं. दादा एकटाच रोलर पुसत बसला होता, बोटं काळी झाली होती. तिला बघून तो ओरडला नाही, उलट शाईचा डबा बाजूला सरकवून त्याने तिला स्टूल दिलं.

“मी आल्यावर सगळं कोरडं पडलेलं नको,” तो म्हणाला. आणि डब्याचं झाकण लावत म्हणाला, “आलो तर.”

खिळाने पिशवी मांडीवर घेतली. “दादा, मी वहिनीच्या पाठीमागे काही करणार नाही. पण तुला विचारल्याशिवाय हलणारही नाही. तू नको म्हण, मी जाते. फक्त का नको ते सांग. पेटीने माणूस जातं, असलं तू मानत नाहीस. तुझं वेगळंच काहीतरी आहे.”

दादाने हातातली चिंधी खाली ठेवली. मग जे त्याने सांगितलं ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही.

तो चौदा वर्षांचा होता. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि आईने त्याला सायकलवरून काकांकडे पिटाळलं, कारण पेटी तेव्हा तिकडे होती. वडील क्रूस मागत होते. त्याने पेटी घेतली, शर्टाच्या आत धरली आणि परत निघाला. वाटेत शाळेच्या मैदानावर फुटबॉल चालू होता. गोलजवळ फटका घ्यायची वेळ आली होती आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त गोलात उभा होता. एवढा एक फटका बघू म्हणून त्याने पाय टेकला. मग दुसरा. वडील आजारी आहेत हे त्याला ठाऊक होतं, ते मरतील हे ठाऊक नव्हतं. घरी पोहोचला तेव्हा फादर तेल लावून प्रार्थना म्हणत होते आणि वडिलांचा हात पांघरुणावर रिकामा पडला होता.

“त्यांनी दोनदा मागितला,” दादा म्हणाला. “आईने नंतर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. क्रूस कुठाय, क्रूस कुठाय. आणि मी गोल बघत होतो. आईला मी सांगितलं चाक पंक्चर झालं. तिने एक अक्षर विचारलं नाही. त्या पेटीपुढे मी कुठल्या तोंडाने झोपू?”

खिळाला त्या क्षणी वडिलांची ती ओळ उमगली. तिने पेटी बाहेर काढली, फळी सरकवली आणि उलटी करून त्याच्यापुढे धरली. अक्षरं बारीक होती. दादाने छपाईतले ठिपके तपासायचं भिंग उचललं आणि ते ओळींवरून खाली खाली नेलं. एका जागी भिंग थांबलं. त्याने ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“तिला माहीत होतं,” तो म्हणाला.

“पंक्चर झालेलं चाक कधी दुरुस्तीला गेलं नसणार, दादा. आई ती. तिला कळणार नाही होय?”

“चव्वेचाळीस वर्षं. एकदाही बोलली नाही.”

“आणि दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.”

दादाने भिंग खाली ठेवलं आणि काळ्या हातांनीच तोंड झाकलं. खिळाने त्याला रडू दिलं. समजूत घालायचं तिला कधी जमलं नव्हतं, ती फक्त उठून दाराला आतून कडी लावून आली, कुणी गिऱ्हाईक यायला नको म्हणून. बऱ्याच वेळाने दादा उठला, केरोसीनच्या चिंधीने हात पुसले, मग साबणाने धुतले, मग तोंड धुतलं.

“फादरांना फोन कर,” तो म्हणाला. “चार वाजता या म्हणावं. तिला मी सांगतो.”

वहिनी घरी परतली तेव्हा दादा पलंगावर टेकून बसला होता आणि पेटी मेजावर होती. वहिनीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ती खिळाकडे वळली, पण दादाने तिला मध्येच अडवलं. पेटी मीच मागवली आहे, मला हवी आहे, असं त्याने सांगितलं. का ते तो तिला नंतर, दार बंद करून सांगणार होता आणि त्याने सांगितलंही. त्या घटकेला मात्र वहिनी नुसती खुर्चीत बसली.

खिळाने फळी तिच्या हातात दिली. “सातवी ओळ वाचा, वहिनी.”

वहिनीने चष्मा लावला. ‘थोरली सून. बाळंतपणाचा ताप. चार दिवस. बरी.’

“हे मला कुणीच सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही शुद्धीवर नव्हता. नंतर आई म्हणाली असेल, ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवायचं.”

वहिनीने ओळीवरून अंगठा फिरवला. वरच्या ओळी वाचल्या, खालच्या वाचल्या. आपण चार दिवस या पेटीच्या उजेडात पडून होतो आणि उठून पुढची तीस वर्षं तिला शिव्या घातल्या, हे तिच्या मनात कुठे कुठे फिरलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. मोठ्याने ती एवढंच म्हणाली की आतलं कापड पिवळं पडलंय, असलं कुणी फादरांपुढे मांडतं का. मग कपाटातून तिने धुवट पांढरं कापड आणलं, इस्त्री तापवली आणि मेजाचे चारही कोपरे जुळवून अंथरलं. मेणबत्त्याही तिनेच लावल्या. एक वाकडी होती, ती तिने दोनदा सरळ केली.

फादर चारला आले. ताई अर्धी रजा टाकून आली होती. दादाच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लागलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटल्या. शेवटी खिळाने फळी खाचेतून काढून त्याच्या हातात दिली आणि दादाने ती छातीशी धरली. जिथे दुसऱ्या दिवशी सुरी लागणार होती तिथेच.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाहेरच्या बाकावर वहिनी बोटं मोडत बसली होती, तेव्हा ताईने पर्समधून आईची जपमाळ काढली. ताई ती माळ कुणाला हात लावू देत नसे, झाकण असलेल्या डबीत ठेवायची. तिने ती वहिनीच्या मुठीत कोंबली. सहा तासांत वहिनीने ती किती वेळा फिरवली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी रक्तस्राव थांबेना म्हणून दादाला पुन्हा आत न्यावं लागलं, तेव्हाही माळ वहिनीच्याच हातात होती. त्या रात्री डॉक्टरांनी तिघींना काहीच आशेचं सांगितलं नाही. पण दादा तगला. बाराव्या दिवशी घरी आला तेव्हा कपडे त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबत होते, आणि पहिल्यांदा त्याने काय विचारलं, तर मशीनच्या रोलरला तेल कुणी दिलं का.

आता भांडण लागलं ते जपमाळेवरून. तीन आठवडे झाले तरी वहिनी माळ परत देईना. ताईने आधी सूचक विचारलं, मग सरळ विचारलं, मग खिळाला फोन करून आपण टपालात तीस वर्षं लोकांच्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवल्या आणि आपलीच वस्तू गहाळ झाली, असं ऐकवलं. वहिनीचं म्हणणं, यांना अजून जिना चढताना धाप लागते, तोवर माळ सोडवत नाही. दोघींचंही खरं होतं, हीच पंचाईत.

खिळाने दोघींना दुकानात बोलावून घेतलं आणि अर्धवट पॉलिश झालेल्या खुर्च्यांवर बसायला मनाई करून उभ्या उभ्याच सांगितलं, की वाटणी करताना आपण सगळे चुकलो. पेटी कधी कुणा एकाची नव्हती, म्हणून तर ती सगळ्यांच्या उपयोगी पडली. इथून पुढे माळ काय, पुतळा काय, ज्याच्या घरात गरज असेल त्याच्याकडे जाईल, आणि गरज सरली की मागायची वेळ येऊ न देता परत निघेल. ताईने विचारलं, गरज सरली हे ठरवणार कोण. खिळा म्हणाली, मी. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, कारण या खिळ्याला उपटायची ताकद दोघींतही नव्हती. महिनाअखेरीस माळ ताईकडे परत गेली आणि ताईची सून दिवस गेल्यापासून आजारी असायची म्हणून दादाने आपण होऊन पुतळा तिकडे पाठवला. फुलं रोज बदला, एवढी एकच अट त्याने घातली.

वर्षाच्या शेवटी एका दुपारी खिळाला फोन आला. आवाज तिने लगेच ओळखला नाही. काकांचा मुलगा होता. काका गेल्यावर घराच्या भिंतीवरून दोन्ही घरांत जे फाटलं होतं ते अठरा वर्षं तसंच होतं. लग्नाकार्यात एकमेकांना बघून लोक रांग बदलायचे. तो अडखळत बोलत होता. बायकोला अर्धांगाचा झटका आला आहे, वाचा गेली आहे, पण बोटाने हवेत क्रूस काढून काहीतरी मागते आहे. आपल्याला मागायचा हक्क नाही हे त्याला कळत होतं, पण ती पेटी अजून तुमच्याकडे असेल तर.

“हक्काचं काय बोलतोस,” खिळा म्हणाली. “आजोबांची आहे ती. मेणबत्त्या माझ्याकडे आहेत, तू फक्त फादरांना सांग. मी निघालेच.”

तिने दादाला कळवलं आणि त्याच्या घरावरून जायचं ठरवलं, कारण पाण्याची बाटली भरलेली वहिनीकडे होती. खाली पोहोचते तर वहिनी बाटली घेऊन दारातच उभी, पायात चपला, अंगावर बाहेरची साडी.

“चल,” वहिनी म्हणाली. “त्या घरात मी अठरा वर्षं पाय ठेवला नाहीये. तुझ्या पाठीमागे लपून तरी जाईन. आणि तू पेटी हँडलला लटकवून नेणार असशील तर मुळीच नको, माझ्याकडे दे.”

ती मागे बसली, पेटी तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरली. वाटभर ती खिळाला सावकाश चालव, सावकाश चालव म्हणत राहिली. काकांचा मुलगा दारात उभा होता, दाढी वाढलेला, पायात एकच चप्पल. वहिनी उतरली, पदर सारखा केला आणि खिळाच्या आधी पायरी चढली.

“आजारीण कुठल्या खोलीत आहे?” तिने विचारलं. “आणि एक धुतलेलं पांढरं कापड काढ बाबा कुणीतरी.”